औषधाच्या दुकानात काय विचारावे?



बाजाराच्या दिवशी आपण तालुक्याच्या गावी जातो. मीठ-मिरची घेतो, बी-बियाणे पाहतो. परत निघताना औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. "अहो, डोकं लई दुखतंय, एक गोळी द्या." दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो. आपण पैसे देतो नि एस.टी. गाठतो. गोळी कशाची, हे त्याला सांगायला वेळ नसतो नि आपल्याला विचारायला.

दुकानात जाण्यात काही चूक नाही, बरे का. दवाखाना लांब असतो. तिथे गेले की एक रोज बुडतो. सर्दी, अंगदुखी, साधा ताप, जुलाब यांसाठी औषधाच्या दुकानात सल्ला विचारावा. पण तो कोणाला विचारायचा?

औषधे देण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला फार्मासिस्ट म्हणतात. १९४८ साली फार्मसी कायदा झाला. त्याप्रमाणे फार्मासिस्टचे नाव नोंदवहीत असावे लागते. खोकी उचलणारा पोरगा म्हणजे फार्मासिस्ट नव्हे. गल्ल्यावरचे शेटजी असतीलच असेही नाही. "फार्मासिस्ट कोण आहेत?" असे सरळ विचारा. लाजू नका. आम्ही एकदा लाजलो, त्याचे काय झाले ते सांगतो.

एका पावसाळ्यात आम्हाला जांघेत गजकर्ण उठले. रात्र रात्र झोप नाही. जागा अवघड, म्हणून दुकानात हळूच बोललो, "खाजेवर काहीतरी द्या." तिथल्या पोराने मलमाची एक नळी पुढे केली. दोन दिवसांत खाज थांबली. आम्ही खूश! शेजारच्या काकांनाही तीच नळी आणायला सांगितली. महिन्याने पाहतो तो गजकर्ण पोटावर चढलेले. कातडी पातळ झालेली. शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी हातात घेतली नि विचारले, "मास्तर, ही उभी लाल रेघ दिसली नाही का तुम्हाला?"

त्या मलमात स्टिरॉइड होते. त्याने खाज दबते, पण खालची बुरशी मोकाट वाढते. अशी बरीच मलमे २०१८ सालापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. आम्हाला बरे व्हायला चार महिने लागले. काकांना त्याहून जास्त. ते अजून आम्हाला बोलून दाखवतात. आम्ही चार बुके शिकलेले, पण ती एक रेघ काही वाचली नाही.

तेव्हा पट्टीवर किंवा नळीवर उभी लाल रेघ दिसली की थांबा. ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. जंतू मारणाऱ्या गोळ्यांवरही ही रेघ असते. साध्या सर्दीला त्या गोळ्या लागतच नाहीत. उगाच घेतल्या तर जंतू निर्ढावतात. मग खरोखरच्या दुखण्यात त्याच गोळ्या चालत नाहीत.

आता फार्मासिस्टला काय सांगायचे? औषध कोणासाठी, वय किती, त्रास किती दिवसांचा, ते आधी सांगा. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर ते सांगा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टीच दाखवा. म्हातारी माणसे गुडघेदुखीसाठी दुखणे मारणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने खातात. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडते, पोटात जखम होते. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तापाची नेहमीची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. गोळी चांगली आहे. पण तीच वेगवेगळ्या नावांनी मिळते, नि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही ती असते. एकजण ताप म्हणून एक गोळी घेतो, सर्दी म्हणून दुसरी. औषध दुप्पट पोटात जाते. फार झाले तर यकृत खराब होते. म्हणून विचारा, "या दोन्हींत एकच औषध नाही ना?"

"पण मास्तर, पाकिटावर सगळं इंग्रजी असतं, ते कसं वाचायचं?" असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. मग फार्मासिस्टला सांगा, "पुडीवर मराठीत लिहून द्या." सकाळी १, रात्री १, जेवणानंतर, ३ दिवस. एवढे तर आता तुम्ही वाचू शकता! औषध कधीपर्यंत चालेल ती तारीखही दाखवायला सांगा. पट्टी कापली की तारखेचा तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. पावतीही घ्या. औषध वाईट निघाले तर तीच कामी येते.

लेकरांच्या खोकल्याचे औषध मात्र मनाने आणू नका. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधात विषारी द्रव्य निघाले. त्याने लहान मुले दगावली. काहींना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्या वेळी केंद्र सरकारने सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, नि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

आणि आता जुलाब. दुकानातून आणायची सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे मीठ-साखरेची पुडी. तिला ओ.आर.एस. म्हणतात. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित आपल्याकडे आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पेटली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ नि सोडा मिसळलेले पाणी पिंपे भरभरून लोकांना पाजले. आयाबहिणी आपल्या माणसांना वाट्यावाट्यांनी ते पाजीत होत्या. माणसे वाचली.

पुडी किती पाण्यात घालायची ते तिच्यावर छापलेले असते. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलिलिटरची. मोठी पुडी तांब्याभर पाण्यात अंदाजाने टाकू नका. मीठ जास्त झाले तर तेही वाईट. उकळून गार केलेले पाणी मापून घ्या नि पूर्ण पुडी एकदम घाला. चहात, दुधात घालू नका. ते पाणी एका दिवसात संपवा. उरले तर फेकून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या. आईचे दूध चालूच ठेवा. जुलाब बांधणारी गोळी लेकराला मुळीच देऊ नका. जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले तरी त्या पुऱ्या करायच्या. पुडी आशाताईंकडे फुकट मिळते. तेव्हा बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका.

शौचात रक्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडून पाणीही घेईना, तर दुकानाची पायरी चढायचीच नाही. १०८ ला फोन लावा नि दवाखाना गाठा. छातीत कळ, धाप, साप-कुत्रा चावणे यांनाही तेच. खोकला दोन आठवडे हटला नाही तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. पैसे पडत नाहीत.

पुढच्या वर्गाला येताना घरातली गोळ्यांची डबी सोबत आणा. फळीवरची, मडक्यातली, सगळी. आपण सगळे मिळून तारखा वाचू.