स्क्रूचा माथा



लोखंडाशी आपले नाते पिढीजात आहे. म्हणून आपल्या मुलांनी यंत्राचा स्क्रू माथा पारखूनच हाती घ्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

जो माथा पृष्ठभागात बुडवावयाचा, तो काउंटरसंक. मेट्रिक मापात त्याचा कोन ९० अंशांचा, अमेरिकी इंच-मापात ८२ अंशांचा असतो. एकाच्या खळग्यात दुसरा बसविला, तर तो केवळ कडेवर टेकतो. त्याची लांबी माथ्यासकट मोजतात. पॅन, चीझ व षट्कोनी माथ्यांची माथ्याखालून. या माथ्यांचे बूड सपाट असल्याने ते पत्रा नीट दाबून धरतात. जेथे अधिक आवळावयाचे, तेथे पान्याचा षट्कोनी किंवा चावीचा अ‍ॅलन माथा योजावा. १९३६ साली अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना चौफुली खाचेची पेटंटे मिळाली. तीत पेचकस आपोआप मध्यावर येतो.

फिरत्या भागावर वर राहिलेला माथा कामगाराची बाही ओढून घेतो, आणि बाहीमागून हात जातो. तेथे माथा बुडालेलाच हवा. तेव्हा मुलांनो, ‘कोणता स्क्रू?’ एवढेच न विचारता ‘हाच का?’ हेही विचारीत जा. पूर्वजांच्या हातची कला तुमच्या हाती अशीच शाबूत राहील.