वकिली व्यवसाय आणि समाजऋण



देवालयाच्या सभामंडपात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी शिला प्रथम दृष्टीस पडतात. कोणी अग्रशाळेस खोली बांधून दिली, कोणी दीपस्तंभाचा जीर्णोद्धार केला. या दात्यांत वकिलांची नावेही असतात आणि ते उचितच होय. परंतु वकिलाजवळ द्रव्याखेरीज देण्याजोगी आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे त्याची विद्या आणि ती विद्या दुसऱ्याच्या कामी लावण्यासाठी खर्चावा लागणारा वेळ. या दानाची शिला कोठेही लागत नाही. यास्तव त्याचा विचार मुद्दाम करणे अगत्याचे आहे.

द्रव्यदानाचा थोर आदर्श महाराष्ट्रात महादेव चिमणाजी आपटे यांनी घालून दिला. वकिलीत मिळविलेली संपत्ती त्यांनी 1888 साली पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रमास वाहिली. तेथे संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह झाला आणि आनंदाश्रम ग्रंथमालेतून शंभराहून अधिक ग्रंथ प्रसिद्ध झाले.

विद्यादानाचा आदर्श सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांचा. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांत असंतोष होता. त्यातूनच 1870 साली पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली, ही गोष्ट देवस्थानच्या महाजनांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याजवळ लोकांचे अधिकारपत्र असावे, हा वकिली दंडक काकांनी सार्वजनिक कार्यास लावला. सुमारे 6,000 लोकांनी दिलेल्या मुखत्यारीवर 95 सभासद निवडले गेले. पुढे 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सरकारच्या रोषाचे भय सर्वत्र असताना त्यांचा बचाव करण्यास काका उभे राहिले. काकांनी त्या प्रसंगी जे दिले, ते कोणत्याही देणगीच्या आकड्यात मावणारे नाही.

आज वकिली पुष्कळ ठिकाणी एकट्यादुकट्याची राहिलेली नाही. अनेक वकील मिळून भागीदारीची पेढी चालवितात. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. परंतु ते बंधन कंपन्यांपुरते आहे, भागीदारीच्या पेढीस ते लागू नाही. तिचे द्रव्यदान सर्वस्वी स्वेच्छेचे असते. विद्यादानाची गोष्ट मात्र निराळी. गरजू व पीडित मनुष्यास आपल्या ऐपतीनुसार विनामूल्य साहाय्य करणे हे वकिलाच्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकी एक होय, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. तेच नियम वकिलास स्वतःची जाहिरात करण्याची मनाई करतात. दोन्ही नियम एकत्र वाचले म्हणजे या दानाचे स्वरूप स्पष्ट होते: द्यावे, पण मिरवू नये.

गोमंतकात अशा साहाय्याची गरज घरोघरी आहे. 1961 पूर्वीचे दस्तऐवज बहुधा पोर्तुगीज भाषेत असतात. घराण्याच्या वाटणीचा कागद पेटीत जपून ठेवलेला असतो, पण तो वाचणारा घरात कोणी उरलेला नसतो. देवस्थानांचा कारभारही 1933 च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने बांधलेला आहे. असा कागद समोर बसून समजावून सांगणारा वकील मिळाला, तर भावाभावांतील कित्येक कज्जे दाव्यापर्यंत जाणारच नाहीत.

आता थोडा अवघड प्रश्न. महाजनांच्या सोयीचे तेवढेच साहाय्य, अशी मर्यादा या दानास घालावी काय? 1975 च्या मुंडकार कायद्याने मुंडकारास घरातून हुसकावून लावण्यास बंदी केली आणि राहते घर विकत घेण्याचा हक्क त्यास दिला. ज्या भाटात ते घर उभे असते, ते पुष्कळदा एखाद्या महाजनाचेच असते. भाटकाराचे वकीलपत्र घेतलेल्या पेढीने त्याच वादात मुंडकाराची बाजू घेणे व्यवसायधर्मास सोडून होईल. तथापि “आमच्याकडून होणार नाही, पण अमुक ठिकाणी जा” एवढे सांगण्यास कोणताही नियम आड येत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत विनामूल्य वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोक अदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयशुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील चालत नाही. ही माहिती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही, हीच खरी उणीव आहे.

ती भरून काढणे महाजन मंडळास कठीण नाही. अग्रशाळेतील एक खोली महिन्यातून एक दिवस मोकळी ठेवावी. महाजन घराण्यांतील वकिलांनी पाळीपाळीने तेथे बसावे. येणाऱ्यास त्याचे कूळ वा गाव विचारू नये. त्याचा कागद तेवढा पाहावा. पेढीचे नाव दारावर लावू नये, आणि तेथे आलेल्या मनुष्यास पुढे आपला अशील करून घेऊ नये. एवढे पथ्य पाळले तर या दानाचा व्यापार होणार नाही.

शिलेवर नाव कोरून घेणाऱ्या दात्याचा मान यामुळे कमी होत नाही. मात्र ज्या मुंडकाराने वा विधवा भगिनीने आपला हक्क प्रथम या खोलीत ऐकला, तिच्या घरात हे दान पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. महाजन या शब्दाला अधिकाराइतकाच जबाबदारीचाही अर्थ आहे, याची साक्ष तेथे मिळेल.