परतलेले नऊजण

पाणबुडी बुडाली कीं तिची कथाही बहुधा तिच्याबरोबरच तळाला जाते, कारण ती सांगावयास कोणी उरत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या नष्ट झाल्या. ‘टँग’ ही त्यांपैकींच एक. परंतु तिचे नऊजण परत आले.

१९४४ च्या ऑक्टोबरांत फॉर्मोसाच्या सामुद्रधुनींत तिनें आपला चोविसावा आणि शेवटचा टॉर्पेडो जपानी जहाजांवर सोडला. तो चक्राकार वळून तिच्यावरच येऊन आदळला. ८७ जणांपैकीं ७८ जण गेले. वांचलेल्यांत कप्तान रिचर्ड ओकेन होते. कांहींजण तर तळाशीं रुतलेल्या पाणबुडींतून श्वसनयंत्राच्या साह्यानें वर आले होते.

ज्या जपानी नौकेनें त्यांना उचललें, तिच्यावर ‘टँग’नें बुडविलेल्या जहाजांचे भाजलेले खलाशी होते. त्यांनीं या कैद्यांना बेदम मारलें. हे आपल्याच हातचे घायाळ आहेत, हें उमगल्यावर तो मार कमी द्वेषानें सोसतां आला, असें ओकेन यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे.

नंतर ओफुना येथील छावणी. तेथील कैद्यांचीं नांवें रेडक्रॉसला कळविलीं जात नसत. त्यामुळें इकडे माणूस उपासमार सोशीत जिवंत होता आणि तिकडे घरच्यांच्या हातीं ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता.

१९४५ च्या ऑगस्टअखेर ओमोरी छावणींतून त्यांची सुटका झाली. ओकेन यांचें वजन तेव्हां शंभर पौंडांहूनही कमी भरलें. १९४६ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्तें त्यांना सर्वोच्च शौर्यपदक मिळालें. पण घरीं पोंचणें सोपें असलें, तरी परतणें सोपें नसतें. जो परततो, त्याच्याकडे न परतलेल्यांच्या माता आणि पत्नी डोळे लावून बसतात. अठ्ठ्याहत्तर घरांना काय सांगावें?

सरकारनेंही आपल्यापरीनें हिशेब केला. १९४८ च्या कायद्यानें अमेरिकन युद्धकैद्यांना, न मिळालेल्या पुरेशा अन्नाबद्दल, कैदेच्या दर दिवसास एक डॉलर देऊं केला. युद्धकैद्यांसाठीं स्वतंत्र पदक निघावयास मात्र १९८५ साल उजाडलें.

अशा माणसाला आपण हार घालतों आणि लगेच म्हणतों, “काय झालें तें सांगा पाहूं!” श्रोतेहो, तो गप्प राहिला तर त्याला गप्प राहूं द्यावें, आणि कधीं एखाद्या रात्रीं बोलूं लागला, तर घड्याळाकडे न पाहतां ऐकून घ्यावें. घरच्यांना त्याच्यासाठीं करतां येण्याजोगें एवढें तरी आहे.