अनेक शाळा, एक संस्था : हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणावर बोलायचे म्हटले की आपण अभ्यासक्रम, माध्यम आणि फी या विषयांवर बोलतो. शाळा चालवतो कोण, आणि तो कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न आपण सहसा टाळतो. टाळण्याचे एक कारण असे की या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येक जण कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेच्या मंडळावर आहेत. मीही त्याला अपवाद नाही. तेव्हा आज जे बोलणार आहे, ते प्रथम स्वतःला उद्देशून बोलतो आहे असे समजावे.

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग खाजगी अनुदानित शाळांनी उचलला, आणि त्यांतल्या असंख्य शाळा एकेकट्या नाहीत. एका संस्थेच्या दहा, पन्नास, शेकडो शाखा असतात. ही रचना आपल्याकडे सरकारी आदेशाने आलेली नाही, ती चळवळीतून आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आणले. खेड्यातील बायाबापड्यांनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य टाकले, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि त्यातून वसतिगृहातली मुले जेवली. संस्था कोणाची, हे तेव्हा विचारावे लागत नसे. ज्याने मूठभर जोंधळे दिले, त्याची ती होती.

त्याहून जुने उदाहरण पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. 1884 साली स्थापन झालेल्या या सोसायटीत शिकवणाऱ्या आजीव सदस्यांच्या हाती कारभार होता. वेतन किती असावे, बाहेर मिळवलेल्या उत्पन्नाचे काय करावे, या प्रश्नांवर त्यांच्यात कडाक्याचे मतभेद झाले आणि 1890 मध्ये टिळकांनी सविस्तर पत्र लिहून राजीनामा दिला. कोण बरोबर होते हा वाद इतिहासकारांवर सोडू. मला महत्त्वाचे वाटते ते हे की पैशाचा प्रश्न त्या मंडळींनी तत्त्वाचा प्रश्न मानला आणि तो लेखी मांडला. आज आपल्या संस्थांच्या इतिवृत्तांत 'सर्वानुमते मंजूर' याखेरीज काय सापडते?

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात शिकवीत होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. संस्थेचे नाव घेत नाही, कारण ते महत्त्वाचे नाही. त्याच संस्थेच्या एका हायस्कूलच्या स्थानिक समितीवर मला घेतले होते. शाळेच्या तीन खोल्या गळत होत्या. गावाने इमारतनिधी जमवला होता आणि प्रथेप्रमाणे तो मुख्य कार्यालयाकडे जमा केला होता. दुरुस्तीची मंजुरी यायला तीन पावसाळे गेले. मुख्याध्यापक दर महिन्याला स्मरणपत्र पाठवीत. मुले ओल आलेल्या भिंतीपासून बाके सरकवून बसत. वार्षिक सभेत मी उठून विचारले की या गावाचे किती रुपये केंद्राकडे आहेत? उत्तर मिळाले की ताळेबंद एकत्रित असतो, शाखेचा वेगळा आकडा काढलेला नाही. सभेने टाळ्या वाजवून अहवाल मंजूर केला. त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या, हे कबूल केले पाहिजे.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा एकत्र येण्याच्या लाभाचा. पुष्कळ शाळा एका छत्राखाली आल्या की बाजारपेठेच्या गावची भरलेली शाखा डोंगरातल्या शाखेचे ओझे उचलू शकते. प्रयोगशाळेचे साहित्य एकत्र खरेदी करता येते, गणिताचा शिक्षक अचानक गेला तर शेजारच्या शाखेतून आणता येतो. हा लाभ खरा आहे. म्हणून 'प्रत्येक शाळा स्वतंत्र करा' ही सूचना मला मान्य नाही. तसे केले तर पहिल्याच वर्षी वाडीवस्तीवरच्या शाळा बंद पडतील. एका शाखेचा पैसा दुसऱ्या शाखेला देणे यात अन्याय नाही, उलट तोच संस्थेचा आत्मा आहे. अन्याय आहे तो हे देणेघेणे झाकून ठेवण्यात. दिलेले दिसले तर देणाऱ्या गावाला अभिमान वाटतो. दिसले नाही तर संशय येतो, आणि संशय आला की पुढच्या वेळी वर्गणीची पावती फाडली जात नाही.

दुसरा मुद्दा अधिक कडू आहे. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार शासकीय तिजोरीतून येतो, नेमणूक मात्र संस्था करते. पैसे देणारा एक आणि नेमणारा दुसरा, अशी स्थिती असली आणि नेमणाऱ्याला कोणी जाब विचारीत नसला, की त्या पदाला किंमत येते. शिक्षकाला पुढील तीस वर्षे जो पगार जनतेच्या करातून मिळणार, त्याचे जणू आजच भांडवल केले जाते आणि ते 'देणगी' या नावाने वसूल होते. याची पावती नसते, म्हणून आकडा कोणी सांगू शकत नाही. पण डी. एड. होऊन घरी बसलेल्या कोणत्याही मुलाला आपल्या तालुक्यातला दर विचारून पाहा. शेत विकून लागलेला शिक्षक वर्गात कोणत्या मनाने उभा राहत असेल, याचा विचार करा.

शासनाने यावर उपाय केले नाहीत असे नाही. 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालील 1981 ची नियमावली यांनी शिक्षकाला मनमानी बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडून दिला. ती लहान गोष्ट नव्हती. 2017 मध्ये भरतीसाठी 'पवित्र' ही संगणकीय प्रणाली आली. पण प्रणाली बदलली म्हणून हितसंबंध बदलत नाहीत. 2025 साली नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांच्या आधारे शिक्षकांचे पगार काढल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. संस्थांवरील अंकुश केवळ अधिकाऱ्यांच्या हाती दिला तर अंकुशालाच गंज चढतो, हा त्याचा धडा आहे. म्हणून 'सरकारने सगळ्या शाळा ताब्यात घ्याव्यात' हे आपले जुने घोषवाक्य मी आज तितक्या खात्रीने देत नाही.

मग पालकांचे काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक घातला. मला तो फार मोठा क्षण वाटला होता. परंतु 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतील ही समिती केवळ सल्लागार ठरवली गेली. म्हणजे ज्या शाळांत जनतेचा पैसा आहे आणि सत्ता मात्र खाजगी मंडळाकडे आहे, नेमक्या तिथेच पालकांचा आवाज सल्ल्यापुरता उरला. त्या दुरुस्तीविरुद्ध आपण किती मोर्चे काढले? मला एकही आठवत नाही.

राहिला धर्मादाय आयुक्त. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार संस्थेने दरवर्षी हिशेब तपासून सादर करायचे आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट द्यायचा. प्रत्यक्षात दोन गट दोन चेंज रिपोर्ट देतात, वाद वर्षानुवर्षे चालतो, आणि तोवर खुर्चीवर बसलेला बसूनच राहतो. निवडणूक झाली तरी मतदार कोण? सभासदांची यादी. ती कोणी, कधी, कोणत्या नियमाने वाढवली हे ज्याला ठाऊक, तोच निवडून येतो. ज्या शिक्षकाने मत दिले नाही असा संशय येतो, त्याची बदली जूनमध्ये सर्वांत दूरच्या शाखेत होते. शाखा अनेक असण्याचा जो लाभ मी आरंभी सांगितला, त्याचे हे विकृत रूप आहे.

मित्रहो, टीका करून खाली बसणे सोपे आहे. म्हणून चार गोष्टी सुचवतो. यांपैकी एकीलाही नव्या कायद्याची गरज नाही. ज्या मंडळांवर आपली माणसे आहेत, तिथे उद्यापासून त्या करता येतील.

पहिली, प्रत्येक शाखेचा एक पानाचा वार्षिक हिशेब साध्या मराठीत शाळेच्या फलकावर लावावा. शासनाकडून काय आले, गावाकडून काय आले, केंद्राकडे काय गेले, केंद्राकडून काय परत आले, एवढे चार आकडे पुरेत. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये डी. ए. व्ही. संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. कोणी अर्ज करील तेव्हा भीतभीत द्यायचे, त्यापेक्षा आपण होऊन सांगितलेले बरे.

दुसरी, सभासद यादी खुली करावी, सभासद होण्याचे नियम लिहून काढावेत आणि नियामक मंडळावर सलग दोनहून अधिक मुदती कोणी राहू नये अशी घटनादुरुस्ती करावी. शिक्षकांचे आणि पालकांचे निवडलेले प्रतिनिधी मंडळावर असावेत.

तिसरी, कोणते निर्णय केंद्राचे आणि कोणते शाखेचे, याची लेखी वाटणी व्हावी. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती शाळेच्या समितीने करावी. नव्या शाखा, मोठी बांधकामे, शाखांमधील मदत हे केंद्राने पाहावे. मंडळाने धोरण ठरवावे आणि हिशेब विचारावा, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत जाऊन बसू नये.

चौथी, नेमणूक आणि बदली यांची कारणे इतिवृत्तात नोंदवावीत, आणि उमेदवार मंडळातील कोणाचा नातलग असेल तर त्या सदस्याने ते सांगून सभेतून बाहेर जावे.

हे ऐकून एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, 'अहो, एवढे नियम केले तर संस्था चालवायला माणूस मिळणार नाही.' मी त्यांना म्हटले, 'हिशेब देण्याच्या भीतीने जो येणार नाही, तो न आलेलाच बरा.'

शेवटी एक इशारा. 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी केली आणि 2017 अखेरच्या दुरुस्तीने कंपन्यांनाही शाळा काढण्याची मुभा मिळाली. कंपनीला आपल्या भागधारकांना उत्तर द्यावे लागते, आणि तिच्याकडे मुष्टिफंड नसतो. आपल्या संस्थांवरचा गावाचा विश्वास उडाला, तर ज्याला परवडते तो बाप मुलाला तिकडे नेईल आणि ज्याला परवडत नाही त्याच्या मुलासाठी गळकी खोली तेवढी उरेल. सामान्यांच्या शाळा वाचवायच्या तर आधी त्यांचा कारभार सामान्यांच्या डोळ्यांसमोर आणला पाहिजे.

या शिबिरातून परत गेल्यावर ज्यांच्या नावापुढे एखाद्या संस्थेचे पद आहे, त्यांनी पहिल्या सभेत एकच ठराव मांडावा : शाखेचा हिशेब फलकावर लावण्याचा. तो नामंजूर झाला तर कोणी नामंजूर केला, ते निदान इतिवृत्तात येईल. तेवढ्यानेही सुरुवात होईल.