तू बस, मी करते

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत महिला मंडळातर्फे गच्चीवर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



खरं तर अंगदुखीवर बोलायला एखादे डॉक्टर बोलवायला हवे होते. मी डॉक्टर नाही, योगशिक्षिका नाही. जन्मभर हिशेबाच्या खात्यात खुर्चीवर बसून नोकरी केली. तरी मंडळाने मला उभं केलं, कारण दळणाचा डबा एकाच हातात धरून जिना चढताना तुम्ही मला वर्षभर पाहिलंत. तेव्हा हे व्याख्यान नाही, माझ्या खांद्याची हकीगत आहे. आणि तिच्या पोटात आणखी एक हकीगत आहे, ती आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पंचावन्नावं सरत होतं. एक दिवस वेणी घालताना उजवा हात मागे जाईना. वाटलं, अवघडला असेल. मग वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढता येईना. रात्री त्या कुशीवर झोपलं की कळ यायची. घरात सगळे प्रेमळ. हे म्हणाले, "तू बस, मी करतो." सूनबाई म्हणाली, "आई, राहू द्या." मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? तीन महिने हात पोटाशी धरून बसले. दुखणं कमी झालं नाहीच, उलट हात खांद्याच्या वर जायचाच बंद झाला.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं. ते जाड होतं, आवळतं आणि सांधा धरतो. चाळीस ते साठ या वयात हे जास्त होतं, बायकांना जास्त होतं, मधुमेह असेल तर आणखी जास्त. म्हणून त्यांनी आधी साखर तपासायला लावली. माझी काठावर निघाली, म्हणजे खांद्याने एका परीने उपकारच केले. आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं अशा पायऱ्यांनी हा आजार जातो आणि त्याला वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

फिजिओथेरपी करणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "काकू, दुखणं आलं ते तुमच्या हातात नव्हतं. पण हात पोटाशी धरून ठेवलात, त्याने तो आणखी आखडला. आता रोज थोडं थोडं हलवायचं."

तिने चारच गोष्टी दिल्या. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक. मग चांगला हात टेबलावर टेकून वाकायचं, दुखरा हात ढिला सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा अलगद झुलवायचा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची, जिथे अडेल तिथे थांबायचं, दोन श्वास घ्यायचे आणि परत खाली. शेवटी पंचा पाठीमागे दोन्ही हातांत धरून वरच्या हाताने खालचा हळूच ओढायचा. सगळं मिळून पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा.

मी पहिल्या दिवशी जोर लावला. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून बोटं वर नेली. दुसऱ्या दिवशी हात भाजल्यासारखा ठणकत होता. दोन दिवस सोडून दिलं. मग ती म्हणाली, दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. तीन-चारपर्यंत ताण वाटला तर चालेल, त्यापुढे जायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल, तर व्यायाम सोडायचा नाही, कमी करायचा.

या गुण देण्यानेच माझं लक्ष पहिल्यांदा शरीराकडे गेलं. तोवर मी भिंतीवर बोटं चालवायचे आणि मनात गॅस सिलिंडर कधी नोंदवायचा ते चालू असायचं. लक्ष दिलं तेव्हा कळलं, दुखतो उजवा खांदा, पण मी डावाही कानापर्यंत उचलून धरलाय. जबडा आवळलेला. कपाळाला आठ्या. भांडी घासतानाही तेच, मोबाइल बघतानाही तेच. आपली भाषा किती शहाणी आहे बघा. काळजी असली की आपण म्हणतो खांद्यावर ओझं आहे, कंबर मोडली, पोटात गोळा आला. मनातलं ओझं स्नायू खरोखरच उचलून धरतात. आणि उतरवायला विसरतात.

एडमंड जेकबसन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. स्नायू सैल कसा सोडायचा हे शिकावं लागतं, यावर त्यांनी 1929 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या पद्धतीत एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा आणि दोन्हींतला फरक ओळखायचा. चला, आत्ताच करून बघू. मुठी आवळा. पाच अंक मोजा. आता सोडा आणि दहा अंक नुसतं बोटांकडे लक्ष द्या. आता खांदे कानाकडे उचला, आणि सोडा. काय काका, खांदे जागेवर आले ना? बसताना ते वर होते, हे तुम्हाला माहीत तरी होतं का?

मी याला कुकरची सवय जोडून घेतली. शिट्टी झाली की खांदे खाली आणि एक लांब उच्छ्वास. वरणभाताला तीन शिट्ट्या, तीन उच्छ्वास. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि कुकर रोज लागतोच.

आता दुसरी हकीगत. भिंतीवर बोटं चालवता चालवता मला माझ्या सासूबाई आठवायला लागल्या. जुन्या सभासदांना आठवत असतील. आपण इथे राहायला आलो तेव्हा त्या तिसरा मजला दोनदा चढायच्या, एकदा भाजीसाठी, एकदा देवळासाठी. मग गुडघे दुखायला लागले. आणि मीच म्हणाले, "आई, तुम्ही बसा, मी करते." भाजी मी आणायला लागले. मग चहा हातात. मग आंघोळीचं पाणी काढून. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. दोन वर्षांत त्यांना मोरीपर्यंत जायला आधार लागू लागला. शेवटची चार वर्षं त्या खाली उतरल्याच नाहीत. एकदा गॅलरीत बसून म्हणाल्या, "खालची तुळस केवढी झाली असेल गं?" तुळस खालीच होती, दारासमोर. फक्त गॅलरीतून दिसत नव्हती.

झीज त्यांच्या गुडघ्यात होतीच, ती मी आणली नव्हती. पण आता मला माहीत आहे की सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात; तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते हालचालीने फिरतं. गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात आणि बसून राहिलं की ते झपाट्याने दुबळे होतात. साध्या कंबरदुखीलाही पूर्वी पंधरा-पंधरा दिवस झोपवून ठेवत. आता डॉक्टर जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा असं सांगतात. तेव्हा कुणी मला सांगितलं असतं, तर मी भाजी आणायला एकटी गेले नसते. त्यांना घेऊन एक मजला उतरले असते. तिथे खुर्ची टाकली असती. मग दुसरा.

म्हणून मला आज एवढंच सांगायचं आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं काम काढून घेऊ नका. त्याच्याबरोबर करा.

काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. ज्येष्ठांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं. पाच वेळा जमलं तर पाच, मग दहा. ओट्याला धरून टाचा उचलणं. बाकीच्यांसाठी चालणं, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. सूर्यनमस्कार उत्तमच. पण आपल्याकडे रथसप्तमीला 108 घालतात आणि मग थेट पुढच्या रथसप्तमीला उगवतात! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, ते स्वतः रोज घालत. खरी मेख त्या 'रोज'मध्ये आहे.

रोजचं कसं टिकवायचं? मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी एक टिंब काढते. दिवाळीत आठ दिवस टिंब नव्हतं. नवव्या दिवशी परत काढलं. चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, तेवढंच करायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. पडल्यावर दुखायला लागलं, पायात बधिरपणा किंवा शक्ती कमी वाटली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, दुखण्याबरोबर ताप आहे, वजन उतरतंय, तर घरी व्यायाम करत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि छातीत दाटून हात किंवा जबडा दुखायला लागला तर त्याच मिनिटाला.

माझा हात पूर्ववत व्हायला चौदा महिने लागले. फ्रोझन शोल्डर बहुतेकदा कालांतराने उतरतोच, त्यामुळे व्यायामाने चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पण ते चौदा महिने मी बसून काढले नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बोटं जिथे अडायची तिथे दर रविवारी पेन्सिलीने खूण करायचे, मुलांची उंची मोजतो तशी. काही खुणा एकाखाली एक आहेत, म्हणजे हात मागे गेला होता. शेवटची खूण साखरेच्या डब्याच्या फळीच्या वर आहे. यंदा घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला सांगितली.

आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर पंचवीस वर्षं आपण दर वार्षिक सभेत भांडलो. लिफ्ट यायला हवीच, मीही हात वर करेन, आता तो जातो! पण तोवर जिना आहे. आज घरी गेल्यावर बघा, आपल्या घरात आपण कुणाला "तू बस" म्हणतोय. उद्या सकाळी त्याचा हात धरा आणि एक मजला उतरा. जमलं तर वर चढा. आम्ही अकराजणी साडेसहाला इथे गच्चीवर असतो. सतरंजी आमची, खुर्च्याही ठेवल्यात.