नोंद आहे, पण दिसत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझं गाव आष्टी, जिल्हा वर्धा. १६ ऑगस्ट १९४२ रोजी इथल्या पोलीस ठाण्यासमोर मोर्चावर गोळीबार झाला, आणि गावाच्या नावाला ‘शहीद’ हा शब्द कायमचा जोडला गेला.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी त्या काळच्या आठवणी, कात्रणं, पत्रं घरोघरून जमवली आणि संगणकावर चढवली. शोधण्यासाठी ‘सोलर’ हा मोफत मिळणारा सर्च सर्व्हर बसवला. योनिक सीली यांनी तो २००४ मध्ये लिहायला घेतला आणि २००६ मध्ये तो अपाची प्रतिष्ठानाकडे आला.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांची नोंद मी सकाळीच केली होती. शोधलं, तर बराच वेळ चक्र फिरलं आणि उत्तर आलं : काही सापडलं नाही. आजी म्हणाल्या, “लिवलं म्हनतेस, मंग दिसत काहून नाही बापू?”

प्रश्न अगदी नेमका होता. सर्व्हरमध्ये नोंद पक्की होणं वेगळं आणि ती शोधणाऱ्याला दिसणं वेगळं. नोंद पक्की करण्याला ‘कमिट’ म्हणतात. त्यानंतर सर्व्हर एक नवा ‘सर्चर’ उघडतो. तो वाचनालयात नव्यानं रुजू झालेल्या ग्रंथपालासारखा असतो, कुठलं पुस्तक कुठे हे त्याला तोंडपाठ नसतं. म्हणून जुन्याला विचारले गेलेले प्रश्न आधी त्याला विचारून तयार करतात. हेच ‘वॉर्मिंग’. तोवर टेबलावर जुनाच बसतो, आणि त्याला नव्या नोंदी ठाऊक नसतात.

आमचा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीनंतर कमिट करत होता. एक सर्चर तयार होण्याआधी दुसरा, त्यावर तिसरा. मर्यादा दोनची, पुढच्यांना सर्व्हर नकार देई. लॉगमध्ये तसा इशारा रोज येत होता, मी तो वाचला नव्हता. वर शहाणपणा असा, की त्या दुपारी मी मर्यादा आठ केली. मशीनची मेमरी संपली आणि उरलासुरला शोधही बंद पडला.

रात्री बसून उलटं केलं. मर्यादा पुन्हा दोन. प्रोग्रॅममधलं कमिट काढलं. दर पंधरा सेकंदांनी नोंदी डिस्कवर पक्क्या व्हाव्यात, पण त्यासाठी नवा सर्चर उघडू नये. तो मिनिटाला एकदाच, हलक्या कमिटनं उघडावा, असं सर्व्हरलाच सांगितलं. वॉर्मिंगसाठी पाचशे बारा जुने प्रश्न ठेवले होते, ते सोळावर आणले. (२०१७ नंतरच्या आवृत्त्यांत मर्यादा एकची आहे आणि जास्तीचं कमिट नकार न मिळता थांबून राहतं. त्यामुळे चूक दिसत नाही, फक्त सगळं रेंगाळतं. शोधायला ते अधिक अवघड.)

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. नोंद लगेच उघडली. नातवानं वाचून दाखवली, तर आडनावात एक काना जास्त. मी दुरुस्त केला आणि म्हटलं, “आजी, मिनिटभर बसा.” त्या पदर सावरून खुर्चीवर बसल्या, पडद्याकडे बघत.