फॉरमॅट मारण्यापूर्वी



2025 सालच्या दिवाळीत थोरल्या बहिणीकडे गेलो असताना, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली दडपून ठेवलेला एक लॅपटॉप माझ्या दृष्टीस पडला. दहा वर्षांपूर्वी, भाचा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गेला त्या वेळी, घरखर्चाला चार ठिकाणी कात्री लावून तो विकत घेतलेला होता. आणि आता, त्याची कळ न् कळ शाबूत असताना, पडद्यावर एक ओरखडाही नसताना, केवळ तो फार हळू चालतो एवढ्याच कारणास्तव त्याची रवानगी भंगारात व्हायची होती. "अरे, म्हातारा झालाय तो," बहीण म्हणाली, "सुरू करून स्वयंपाकघरात जावं, चहा उकळून गाळून होतो, तरी याचं चक्र आपलं फिरतंच असतं." मी घड्याळ लावून पाहिले. बटण दाबल्यापासून एखादे पत्र लिहावयास घेता येईल अशी स्थिती येईपर्यंत साडेसात मिनिटे गेली. तो लॅपटॉप मी दोन दिवसांसाठी मागून घेतला. त्या दोन दिवसांत त्याचे काय केले, का केले, आणि ते करण्यापूर्वी कोणती खबरदारी घेतली, हे आज आपणांस सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम 'म्हातारा' या शब्दाविषयी. लॅपटॉपमध्ये आकडेमोड करणारा जो प्रोसेसर असतो, तो वयोमानाने थकत नाही. विकत आणला त्या दिवशी तो ज्या वेगाने काम करू शकत होता, त्याच वेगाने आजही करू शकतो. याला अपवाद मुख्यतः उष्णतेचा. पंख्याच्या जाळीत वर्षानुवर्षे धूळ साचली म्हणजे आतली ऊब बाहेर पडत नाही, आणि आपण जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करून घेतो. म्हणून ज्या लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावतो आणि ज्याचा तळ हाताला चटका देतो, त्याचा पंखा आधी साफ करून घ्यावा. तेवढ्यानेच काम भागले तर पुढचा सारा खटाटोप करण्याचे प्रयोजन उरत नाही.

परंतु बहिणीचा लॅपटॉप तापत नव्हता. मग विलंब होत होता कोठे? याचे उत्तर समजण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे. जुन्या संस्थानांत कारभार राजाच्या नावाने चाले; परंतु कोणता कागद कोठे ठेवावयाचा, कोणाची अर्जी आधी पुढे करावयाची, कोणत्या कारकुनाला कोणते काम नेमून द्यावयाचे, हा सारा बंदोबस्त दप्तर सांभाळणाऱ्या फडणिसाच्या हाती असे. लॅपटॉपमध्ये हे फडणिशीचे काम विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम करीत असते. नवा लॅपटॉप घरी येतो त्या दिवशी हा फड मोकळा असतो. पुढे आपण प्रिंटर घेतो, त्याचा प्रोग्राम येतो. मोबाइलमधील छायाचित्रे उतरवून घेणारा येतो. दूरच्या नातलगांशी दृश्यसंभाषण करण्यासाठी तिसरा येतो. कोणीतरी सुचविले म्हणून एक अँटिव्हायरस असताना दुसराही येऊन बसतो. यांपैकी बहुतेक जण यंत्र सुरू होताक्षणीच आपणही आपोआप सुरू होण्याचा परवाना मागून घेतात, आणि आपण समोरचा मजकूर न वाचता तो देऊन टाकतो. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये असे 23 प्रोग्राम मी मोजले. त्यांपैकी तिला माहीत असलेले चार होते.

आता हे 23 कारकून बसणार कोठे? लॅपटॉपमधील रॅम म्हणजे फडणिसाचे मेज आणि हार्ड डिस्क म्हणजे त्याचा दप्तरखाना, असे समजा. हातातले काम मेजावर चालते. मेज भरले की आत्ता न लागणारे कागद उचलून दप्तरखान्यात ठेवावे लागतात, आणि ते पुन्हा लागले म्हणजे पुन्हा आणावे लागतात. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपांप्रमाणे बहिणीच्या लॅपटॉपचीही रॅम 4 जीबीची होती, आणि हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेणारी. हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो खरा. पण हिशेब करून पाहा: सेकंदाला 90 फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 11 सहस्रांश सेकंद, हवी असलेली नोंद वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणे भाग, शिवाय ती सुई योग्य वर्तुळापाशी नेण्यास लागणारा वेळ वेगळा. म्हणजे ठिकठिकाणी विखुरलेल्या नोंदी वाचावयाच्या असतील, तर अशी तबकडी सेकंदाला शंभराहूनही कमीच नोंदी काढून देऊ शकते. 23 प्रोग्राम एकाच क्षणी तिच्यापुढे रांग लावून उभे राहतात, आणि त्या साडेसात मिनिटांत प्रोसेसरसारखा कर्तबगार गडी बहुतेक वेळ हात बांधून वाट पाहत बसलेला असतो.

यावर दुरुस्तीच्या दुकानांत जो उपाय करतात, त्याला त्यांच्या बोलीत 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्याबरोबर जमा झालेला सगळा कबाडा, आणि तो कबाडा ज्या कप्प्यात आहे तो कप्पा, हे सर्व पुसून टाकावयाचे आणि कोऱ्या जागेवर नवी प्रत बसवावयाची. उपाय गुणकारी आहे, यात शंका नाही. मात्र 'पुसून टाकणे' हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत, आणि माझे आजचे खरे सांगणे याविषयीच आहे.

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आपल्या कोकणातील गावाच्या आठवणी लिहावयास घेतल्या होत्या. गावातील देवस्थानाचा उत्सव, खाडीतून होणारी तरीची वाहतूक, खोतीचे वाद, असे पुष्कळसे त्यांत आले होते, आणि सुमारे दीडशे पाने त्यांनी स्वतः, एका बोटाने, संगणकावर टंकित केली होती. पुढे तो संगणक मंद झाला म्हणून मी तो एका दुकानात दिला. "डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, फक्त सी फॉरमॅट मारलाय," असे दुकानदाराने परत देताना सांगितले, आणि ते खरे होते. वडिलांच्या सर्व फाइली जागच्या जागी होत्या. परंतु पहिली फाइल उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि टिंबे यांची नुसती गर्दी होती. वडील कितीतरी वेळ त्या पडद्याकडे पाहत बसले आणि काही न बोलता उठून गेले.

झाले होते ते असे. युनिकोड आपल्याकडे रुळण्यापूर्वी मराठी लिहिण्यासाठी जे फॉन्ट वापरीत, त्यांत देवनागरीला स्वतःची जागा नसे. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या स्थानांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. फाइलमध्ये लिहिले जाई ते रोमन अक्षराचे स्थान, आणि ते मराठी दिसे केवळ त्या फॉन्टच्या कृपेने. तो फॉन्ट राहत असे सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट नावाच्या फोल्डरात. सी पुसला, फॉन्ट गेला, आणि दीडशे पाने मूक झाली. मोडी वाचणारा जवळ नसला म्हणजे घरातील जुन्या सनदांची जी गत होते, तीच गत वडिलांच्या लिखाणाची त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा नावांचे अनेक फॉन्ट त्या काळी प्रचारात होते. त्यांच्या रचना परस्परांहून भिन्न, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याने उघडत नसे. चार महिन्यांच्या शोधानंतर आमच्याच गावच्या एका मुद्रणालयाच्या जुन्या संगणकावर तो नेमका फॉन्ट सापडला, आणि ती पाने पुन्हा बोलू लागली. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी 128 स्थानांचा स्वतंत्र कप्पा राखलेला आहे, म्हणून त्यात लिहिलेले मराठी कोणत्याही एका विशिष्ट फॉन्टवर अवलंबून राहत नाही. वडिलांचे लिखाण मी त्यानंतर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतले आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या.

तेव्हापासून कोणाचाही लॅपटॉप हाती घेतला, की पुसण्याचे काम दुसऱ्या दिवशी आणि पहिला पूर्ण दिवस फेरिस्त करण्याचा, हा माझा शिरस्ता आहे. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेल्या वस्तू सुरक्षित आहेत असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ईमेलचा जुना संग्रह, हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा, हे सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर लावून दोनचार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उतरवली एवढ्यावर विश्वासू नये. काही लॅपटॉपांत बिटलॉकरचे कुलूप लावलेले असते. त्याची 48 अंकी किल्ली आधीच कागदावर लिहून ठेवावी, कारण प्रसंगी ती मागितली जाते आणि ती नसेल तर आतला ऐवज कोणालाही मिळत नाही. वायफायचा ड्रायव्हरही आधी उतरवून घेतलेला बरा. एरवी नवी सिस्टीम इंटरनेटविना आणि ड्रायव्हर इंटरनेटवर, अशी पंचाईत होते.

एवढी तजवीज झाल्यावर प्रत्यक्ष कृती तासा-दीड तासाची आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट' म्हणून सोय असते. फाइली ठेवून केवळ प्रोग्राम काढण्याचा पर्याय तीत मिळतो, आणि नवख्याला तोच सोयीचा. अधिक निर्मळ काम हवे असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत करावी, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा, आणि कोणता कप्पा पुसावयाचा हे दोनदा वाचून मगच संमती द्यावी. पेनड्राइव्हवर पूर्वी जे असेल तेही नष्ट होते, हे ध्यानात असू द्यावे. लॅपटॉपबरोबर रीतसर विंडोज 10 आलेले असेल तर परवान्याची चिंता नको. त्याच यंत्रावर त्याच आवृत्तीचे विंडोज पुन्हा बसविले म्हणजे इंटरनेटला जोडताच तो परवाना आपोआप ओळखला जातो. असे असता चोरीची प्रत का टाकून घ्यावी? कुलूप तोडून दिलेल्या प्रतीबरोबर घरात कोण शिरते, हे ती टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि त्याच लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करीत असतो.

बहिणीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. विंडोज 10 ची सुरक्षादुरुस्ती सर्वसाधारणपणे 14 ऑक्टोबर 2025 रोजी, म्हणजे त्या दिवाळीच्या आठवडाभरच आधी, थांबली होती. आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षाचिप व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो, तो तिच्या लॅपटॉपमध्ये नव्हता. सुस्थितीतील यंत्रे केवळ एका अटीपायी टाकाऊ ठरावीत, हे मला योग्य वाटत नाही. सुदैवाने विंडोज म्हणजे एकमेव फडणीस नव्हे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने 1991 सालच्या ऑगस्टमध्ये ज्या कामाची वार्ता जगाला दिली, त्यातून लिनक्स उभे राहिले; ते विनामूल्य आहे, आणि आपल्याकडे सी-डॅक या संस्थेनेही त्यावर आधारलेली 'बॉस' नावाची प्रणाली तयार केलेली आहे. मी लिनक्स मिंट निवडले, कारण 4 जीबी रॅमवर ते समाधानाने चालते. त्याचा मोठा गुण असा, की लॅपटॉपमधील एकही अक्षर न पुसता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. बहिणीने तासभर ते वापरले, तिची पत्रे उघडून पाहिली, मराठीत चार ओळी लिहिल्या, आणि "चालेल" म्हणाली. तेव्हाच मी पुढचे पाऊल टाकले. ज्यांचा हिशेब टॅलीवर चालतो त्यांनी मात्र विंडोजच ठेवावे, कारण तो प्रोग्राम विंडोजसाठी बनविलेला आहे.

नव्या प्रणालीनंतर साडेसात मिनिटांची दीड मिनिटे झाली. पुढे भाच्याने जुनी हार्ड डिस्क काढून त्याच जागी एसएसडी बसविली. तीत फिरणारी तबकडी नाही, सुई नाही, आणि विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला हजारोंनी काढून देते. आता तो लॅपटॉप 25 सेकंदांत तयार होतो. माझे प्रामाणिक मत विचाराल तर, पदरी थोडे पैसे असतील त्याने सिस्टीम बदलण्याच्या वेळीच एसएसडी घालून घ्यावी, म्हणजे तेच काम दोनदा करावे लागत नाही. शिवाय जुनी डिस्क न पुसता तशीच जपून ठेवता येते, आणि काही विसरले असल्यास ते तिच्यावर सापडते.

श्रोतेहो, लॅपटॉपचा वेग वाढविण्याची घाई आपणांस असो वा नसो, घरात कोणी वडीलधाऱ्यांनी जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली पाने असतील, तर येत्या रविवारी ती एकदा उघडून पाहा. आणि ज्या फॉन्टने ती उघडतात, तो फॉन्ट त्या फाइलींच्या शेजारीच ठेवून द्या.